तुम्ही खाली वाकून बघितलंत म्हणून

डॉक्टर मॅडम,

त्या दिवशी नीट आभार मानता आले नाहीत. डोळ्यातून इतकं पाणी येत होतं की मी रडतेय की डोळेच तसे झालेत हे माझं मलाच कळत नव्हतं, म्हणून आता लिहितेय.

वरच्या पापण्यांची कॉस्मेटिक सर्जरी करून सात आठवडे झाले होते. टाके निघाले, सूज उतरली, आरशात सगळं छान दिसत होतं. पण सकाळी उठलं की डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरायचं, उजेड सहन व्हायचा नाही, वाचायला घेतलं की अक्षरं पुसट. जिथे सर्जरी केली तिथे तीनदा गेले. दर वेळी टाक्यांची जागा बघायचे, रिझल्ट मस्त आलाय म्हणायचे आणि पाठवून द्यायचे. एकदा तर ऐकवलं, हौस केलीत ना, मग थोडं सोसा. ते अजून डोक्यातून जात नाही. मी कितीतरी वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेय, पण सर्जरीआधी डोळे कोरडे पडतात का एवढंही कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही आधी खोलीतला मोठा दिवा बंद केलात, मला न विचारताच. मग म्हणालात, "घट्ट नको, झोपताना मिटतात तसे हलकेच मिटा," आणि खुर्ची सोडून माझ्यासमोर गुडघे टेकून बसलात, छोटा टॉर्च घेऊन खालून वर बघायला. दोन मिलिमीटरची फट. घट्ट मिटले की पापण्या टेकायच्या, म्हणून आधी कुणाला ती दिसलीच नाही, आणि झोपेत मात्र कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, खालचा भाग रात्रभर उघडा राहून सुकत होता. रंग घालून निळ्या उजेडात काढलेला फोटोही दाखवलात, खाली हिरव्या ठिपक्यांचा पट्टाच होता. म्हणालात, हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण नसा इतक्या दाट की एवढ्याशा ओरखड्यानेही जीव जातो, तुम्ही उगाच तक्रार करत नव्हतात.

मॅडम, हे ऐकायला मी सात आठवडे थांबले होते. थेंब, रात्रीचं जेल, झोपताना पापणीला पट्टी, ते सगळं लागू पडलंच, पण मी सावरले ती तुम्ही खाली बसलात तेव्हाच. ज्ञान पुष्कळांकडे असतं हो, पण समोरच्याचं दुखणं खरं मानून त्याच्यासाठी दोन मिनिटं वाकणारी माणसं कमी भेटतात, आणि भेटली की आधीच्यांचा राग निम्मा उतरतो. पूर्ण नाही, निम्माच.

काल रात्री तुमच्या सांगण्यावरून पहिल्यांदाच पट्टी न लावता झोपले. सकाळी उठल्यावर खिडकीचा पडदा स्वतः उघडला, उजेडाकडे बघत उभी राहिले, पाणी आलं नाही.

तुमची पेशंट
(खालून बघितलेली)