आधी ड्रॉइंग फायनल, मग क्रेन

मा. संपादक, स. न.

लाकडाच्या उंच बिल्डिंगचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न वाळवीचा, दुसरा आगीचा. बरोबरच आहे म्हणा. पण मी तीसेक वर्षं साइटवर काढलेला माणूस, मला त्यात वेगळंच दिसतं.

मुलीकडे व्हँकुव्हरला गेलो होतो तेव्हा तिथल्या युनिव्हर्सिटीतलं ब्रॉक कॉमन्स हे होस्टेल मुद्दाम बघून आलो. १८ मजले, २०१७ साली पूर्ण झालं. तळमजला आणि लिफ्ट-जिन्याचे दोन कोअर, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे उभे गाभे, काँक्रीटचे, बाकी वरचे १७ मजले ग्लुलॅमचे (लाकडी पट्ट्या एकाच दिशेने चिकटवून केलेले) खांब आणि त्यावर थेट सीएलटीचे पॅनल, म्हणजे आडव्याउभ्या फळ्या चिकटवून केलेला स्लॅबच. मधे बीमच नाहीत!! बीम नाही म्हणजे क्रेनला उचलायचे पीस कमी, जोड कमी आणि पाइप-डक्टला वाट मोकळी. लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला.

ही जादू लाकडाची नाही हो. सगळं आधी कॉम्प्युटरवर बांधून झालं होतं, प्लंबिंगची भोकंसुद्धा फॅक्टरीतच मशीनवर पाडून आली, शिवाय दोन मजल्यांचा खराखुरा नमुना उभारून जोड बसतात का ते आधीच बघितलं. खांब वजनाने किंचित दबणार, काँक्रीटचा कोअर तेवढा दबणार नाही, म्हणून तो फरक भरून काढायला काही मजल्यांवर स्टीलच्या पातळ चकत्या घालायच्या हेही आधीच ठरलेलं. पावसात लाकूड भिजू नये म्हणून बाहेरच्या भिंतींचे तयार पॅनल मागोमाग चढत गेले.

आणि आपल्याकडे? स्लॅब पडतो, मग प्लंबर येतो, मग ड्रिल मशीन येतं, एका साइटवर तर टॉयलेटची जागा बदललेलं ड्रॉइंग स्लॅब झाल्यावर चौथ्या दिवशी माझ्या हातात पडलं, वर आर्किटेक्ट म्हणतो अ‍ॅडजस्ट करा. काँक्रीट हे सगळं सहन करतं म्हणून आपण सुधारत नाही, फॅक्टरीतून कापून आलेलं पॅनल तुमचं अ‍ॅडजस्ट ऐकून घेत नाही.

गावाकडे आमच्या घराचं छप्पर केलं तेव्हा सुतारांनी सगळे सांधे खाली अंगणात जुळवून, खुणा करून मगच वर चढवले होते, म्हणजे ही अक्कल आपल्याकडे नव्हती असंही नाही.

पुढच्या वेळी लाकडी टॉवरची बातमी छापाल तेव्हा नुसती उंची नको, तो चढवला कसा हेही चार ओळी द्या, ही विनंती.

– एक निवृत्त साइट इंजिनीअर, पुणे