उमेदवारी अर्ज कुठे भरायचा? उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. चंद्रकांतदादा पाटील,
उच्च व तंत्र शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वय 21 पूर्ण. म्हणजे ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, लोकांनी निवडून दिलं तर गावची सरपंचही होऊ शकते. पण ज्या कॉलेजात मी रोज जाते, तिथल्या विद्यार्थी संघाची अध्यक्ष काही होऊ शकत नाही. निवडणूकच लागत नाही, तर अर्ज भरणार कुठे?

कायदा आहे. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम सांगतो की अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गाचा एक प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी थेट मतदानाने निवडायचे. 2019 साली वेळापत्रकही आलं होतं. ते पुढे ढकललं गेलं, मग करोना आला. करोना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, दादा.

त्याआधी निवडणुका का बंद पडल्या होत्या, हे ठाऊक आहे. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हाणामाऱ्या, पैसा, बाहेरची पोरं हे सगळं तेव्हा होतं, आणि 1994 च्या कायद्यात निवडणुकीच्या जागी गुणवत्तेवर नेमणूक आली: वर्गात पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी. पहिल्या आलेल्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, बिचाऱ्याला बहुतेक वेळा ते पद नकोच असतं. पण तो आमच्या वतीने प्राचार्यांशी भांडणार कशाच्या जोरावर? त्याला आम्ही पाठवलेलंच नाही.

आणि भांडण्यासारखं पुष्कळ आहे. 2024 च्या जुलैमध्ये आपल्याच खात्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. चांगला निर्णय. माझी धाकटी बहीण त्यातूनच इंजिनिअरिंगला गेली. प्रवेशाच्या दिवशी मात्र खिडकीवर ‘इतर शुल्क’ म्हणून वेगळी पावती फाडली. कसलं शुल्क, हे वडिलांनी विचारलं तर मागे रांग आहे म्हणाले. अशा वेळी विचारणारं कुणी आतलं लागतं. महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला आणि सचिवाला कायद्याने जागा आहे आणि कॉलेजचं अंदाजपत्रक तिथेच येतं. निवडून आलेला अध्यक्षच नसेल, तर त्या टेबलावर आमच्या बाजूने बसणार कोण?

विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सांगणाऱ्या लिंगडोह समितीचे नियम मी शोधून वाचले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांपर्यंत. छापील पोस्टर नाही, हाताने केलेलंच (आमच्या वर्गात सुंदर अक्षरवाल्यांचा भाव वाढणार). पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22. त्या वर्षी विषय राहिलेला नको. आणि पदाधिकारी होण्यासाठी संधी एकदाच. ही शिस्त मला मान्य आहे. पण हे नियम आणि आपली पुढची तारीख यांचा मेळ बसत नाही. एक वर्ष ढकललं की 22 ओलांडणारे बाद, शेवटच्या वर्षाचे बाहेर. पदवीची तीन वर्षं कोरी काढून कितीतरी मुलं निघून गेली. ती परत येऊन अर्ज भरणार नाहीत.

गंमत म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना मत आहे. मुंबई विद्यापीठात 2024 च्या सप्टेंबरमध्ये अधिसभेच्या (सिनेटच्या) पदवीधर गटाची निवडणूक झालीच, भले ती रखडत, कोर्टाच्या पायऱ्या चढून झाली असेल. जो आज वर्गात बसतो, वसतिगृहात जेवतो, त्याने मात्र थांबायचं.

‘कॉलेजात राजकारण नको’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गेटवर यावं. वाढदिवसाचे फ्लेक्स वर्षभर असतात, ‘भावी नगरसेवक’ही त्यावर हसत असतात. राजकारण आत आलेलंच आहे, ते फक्त मतपेटीतून आलेलं नाही.

आपण स्वतः अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे पूर्णवेळ कार्यकर्ते होतात. त्यामुळे हे सगळं आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, तारीख मागायची आहे. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीच्या परिपत्रकातच अर्ज, छाननी, माघार आणि मतदान यांचे दिवस छापा. विद्यापीठाचा निकाल किंवा पुनर्मूल्यांकन रखडलं असेल तर त्या विषयापायी कुणाचा अर्ज बाद करू नये, असंही त्यात लिहा. निकाल उशिरा लावतं विद्यापीठ आणि अपात्र ठरतो विद्यार्थी, हे नको. आणि करोनापासून ज्यांची संधी हुकली, त्यांच्यातले जे आता पदव्युत्तर वर्गांत आहेत, त्यांना पहिल्या निवडणुकीपुरती वयाची सूट द्या.

मी पुढच्या वर्षी एम.कॉम.ला प्रवेश घेणार आहे. सूचक आणि अनुमोदक दोघंही ठरलेत.

आपली,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी