विषय: टायमिंग बेल्ट एक दात चुकवून बसवला आणि तक्रार परस्पर बंद केली

कस्टमर केअर आणि सर्व्हिस हेड,

आत्ताच तुमच्या जळगावच्या वर्कशॉपशी बोलून फोन ठेवलाय, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या. गाडी डिझेल, बेल्ट बदलायचे किलोमीटर झाले असं तुमच्याच लोकांनी सांगितलं म्हणून आत दिली, बिलात टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, लेबर सगळं लावलंय आणि ते मी भरलंय. आत जाताना गाडी व्यवस्थित होती. बाहेर आली ती अशी की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरीचा जीव जातो, उभी असली तरी स्टिअरिंग थरथरतं, लळिंगच्या घाटात भरलेले टेम्पो हॉर्न मारत पुढे निघून जातात आणि मागे काळा धूर.

चेक इंजिनची लाइट लागली, कोड पी ००१६. म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा कॅम, यांची जुळणी नाही, आणि ती जुळणी ठेवतो तो हाच दातेरी बेल्ट. नवीन बेल्ट टाकल्या टाकल्या हा कोड आला तर आधी काय बघायचं हे मी तुम्हाला सांगायचं का? इंजिन तुमचं, मॅन्युअल तुमचं. दोन्हींच्या चाकांवरच्या खुणा जुळवून बेल्ट चढवायचा, टेन्शनर सेट करायचा, मग पाना लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो, आणि खुणा परत बघायच्या. पाच मिनिटांचं काम. तुमच्या माणसाने स्कॅनर लावला, कोड डिलीट केला आणि म्हणे "लाइट गेली ना सर". पाळधी यायच्या आत लाइट परत हजर.

शेवटी पारोळ्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने वरचं कव्हर काढलं, क्रँक खुणेवर आणला, कॅमच्या चाकावर टॉर्च मारली आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ पट्टा एक दात चुकीसन बसाडेल शे." क्रँकची खूण बरोब्बर जागेवर आणि कॅमची एक दात बाजूला, मला चष्म्याशिवाय दिसली. फोटो जोडलाय. त्याला बेल्टला हात लावू दिला नाही, कव्हर होतं तसं बसवायला लावलं, कारण उद्या तुम्हीच म्हणाल बाहेर खोललं, वॉरंटी गेली.

हा फोटो अॅडव्हायझरला पाठवला तर उत्तर काय, "थोडा फरक चालतो सर". क्रँकच्या चाकाला २० दात धरले तर एक दात म्हणजे १८ अंश. हा थोडा फरक?

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं ना, तर ऐकाच. मी नाव सांगितलं, गाडी नंबर सांगितला, पलीकडून "एक मिनिट होल्ड करा सर", पण होल्ड काही झालं नाही. मला स्पष्ट ऐकू आलं, "अरे ते बेल्टवाले काका परत, काय सांगू?" आणि लांबून दुसरा, "सांग ना पार्ट मागवलाय." मागे कोणीतरी हसलं. मग फोनवर एकदम गोड आवाज, "सर, पार्ट ऑर्डरला आहे." मी विचारलं कोणता पार्ट? गप्प. मग म्हणे "बेल्ट". म्हटलं बेल्ट तुम्हीच आत्ता नवीन टाकला ना, मग परत कशाला, खराब होता का चुकीचा बसवला? परत गप्प. मग "टेन्शनर सर". तोही बिलात आहे. तर शेवटी साहेब म्हणाले, "सर तुमच्या साइडला डिझेल भेसळीचं असतं, त्याने पण असं होतं." वा! डिझेलने कॅमच्या चाकावरची खूण सरकते हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवता तेवढं कळवा. आणि आमच्या साइडला म्हणजे काय? शोरूम त्याच साइडला आहे, गाड्या विकताना साइड आठवली नाही.

वर पोर्टलवर तक्रार बंद, शेरा "ग्राहक समाधानी". कोण समाधानी? मला एकदा फोन आला होता, दहापैकी दहा द्या म्हणून, मी नाही म्हटलं, तरी समाधानी. घरातली ही तुमच्या कंपनीची दुसरी गाडी, पहिली मी भावाला कौतुकाने घ्यायला लावली होती, आता तो मलाच विचारतो. समाधानी म्हणे!

बेल्ट जुळवून द्या, माझ्यासमोर कव्हर उघडून, दोन फेरे फिरवून, खुणा दाखवून. व्हॉल्व्ह पिस्टनला लागलेत का यासाठी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करा, त्याचं रीडिंग लेखी द्या, काही निघालं तर खर्च तुमचा. नवीन बेल्ट लागला तरी तुमचा. लेबर परत. "समाधानी" काढा. आठ दिवसांत झालं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, २०१९ च्या कायद्यात सेवेतली त्रुटी काय ते लिहिलेलं आहे, वकील नसला तरी चालतो.

आणि गाडी न्यायला टो पाठवा. अशा बेल्टवर मी ती हायवेला घालणार नाही, आणखी एखादा दात सुटला तर इंजिनच बसेल, मग परत डिझेलवर ढकलाल.

सोबत: बिल, स्कॅनचा फोटो, खुणांचा फोटो.