शिजलेल्या भाताला कच्च्या तांदळाचे आकडे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: अ‍ॅपमधील चुकीची पोषण-नोंद आणि उरलेल्या वर्गणीचा परतावा

महोदय,

मी तुमच्या पोषण-अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरलेली सदस्य आहे. चॅटवर तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर चिकटवलेलं आलं. म्हणून आता पत्र.

मी रोजचं जेवण काट्यावर तोलून नोंदवते. तुमच्याकडे 'भात, शिजलेला' असं शोधलं की हिरव्या खुणेची, म्हणजे तुमच्याच शब्दांत 'तज्ज्ञांनी तपासलेली', नोंद सगळ्यात वर येते. तिच्यात 100 ग्रॅमला 360 कॅलरी. म्हणजे माझ्या 150 ग्रॅमच्या वाटीला 540! हे पाहून मी आधी वाटी अर्धी केली, मग रात्रीचा भात बंदच केला. सात आठवडे अर्धपोटी उठत होते आणि रात्री अकराला डबे उघडून बघत होते. (तेही इमानदारीत नोंदवलंय.)

घोळ कळला तो त्या नोंदीचा तपशील उघडल्यावर. 100 ग्रॅम भातात कर्बोदकं 80 ग्रॅम, प्रथिनं 7. मग पाणी गेलं कुठे? शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. हे आकडे सरळसरळ कच्च्या तांदळाचे आहेत. शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या 100 ग्रॅमला साधारण 130 कॅलरी धरतात, म्हणजे माझी वाटी 195 ची. एका वाटीमागे 345 चा फरक!

यावर तुमचं उत्तर, 'काही नोंदी वापरकर्त्यांनी भरलेल्या असतात, कृपया पडताळून घ्याव्यात.' बरं, वापरकर्ते चुकतात. मग हिरवी खूण कोणी लावली? आणि पडताळायचं मीच, तर वर्गणी कशाची घेता?

मिठाचंही तेच. 'मीठ' या रकान्यात दिवसाची मर्यादा 2 ग्रॅम दाखवता. जागतिक आरोग्य संघटनेची 2 ग्रॅमची मर्यादा सोडियमची आहे, मिठाची 5 ग्रॅम. निदान रकान्याचं नाव तरी बदला.

अ‍ॅप अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. त्याच्यामुळेच मी तेल बाटलीतून थेट कढईत ओतायचं सोडलं. चहाच्या चमच्याने एक चमचा तेलात 40 कॅलरी असतात हे कळल्यापासून चमचा हातात आला, तो अजून सुटलेला नाही. इतका विश्वास ठेवला, म्हणून तर जास्त लागलं.

भाताची नोंद दुरुस्त करा आणि ज्यांनी ज्यांनी ती वापरली त्यांना अ‍ॅपमधूनच तसं कळवा. माझी आपोआप होणारी नूतनीकरणाची कपात थांबवून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. दोन्ही नोंदींचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर हवं आहे, आणि ते कृपया माणसानं लिहिलेलं असावं.

आपली,
एक वर्गणीदार