प्रदेशाचा आराखडा प्रदेशातच लिहिला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय महासंघाच्या २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाच्या बातम्या वाचतो. बहुतेकांत भर संरक्षण खर्चावर असतो. मला त्याच प्रस्तावातल्या दुसऱ्या तरतुदीची काळजी वाटते. प्रादेशिक विकासनिधी, शेतीचे अनुदान आणि आणखी काही निधी एकत्र करून प्रत्येक देशाने एकच आराखडा करावा, असे युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये सुचवले. आज शेकडो कार्यक्रम आहेत, त्यांच्या जागी २७ आराखडे येतील. मागास प्रदेशांसाठी किमान रक्कम राखून ठेवली आहे खरी. पण ती कशावर खर्च करायची, यात राजधानीचा शब्द जड ठरेल.

मी मूळचा परभणीचा. गेली अठरा वर्षे ब्रिटनमधल्या दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत राहतो. इथल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, २००२ मध्ये एबू व्हेलचा पोलाद कारखानाही गेला. दरडोई उत्पादन युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असल्याने या भागाला २००० पासून महासंघाच्या सर्वाधिक मदतीच्या गटात धरले गेले. १९६२ पासून बंद असलेली एबू व्हेलची प्रवासी रेल्वे २००८ मध्ये पुन्हा धावली, तिच्यात हा पैसा होता. तरीही २०१६ च्या सार्वमतात ब्लायनाय ग्वेंट या आमच्या जिल्ह्याने ६२ टक्के मते महासंघ सोडण्याच्या बाजूने दिली. ‘महासंघाच्या निळ्या पाट्या लागल्या, पण आम्हाला काय हवं ते कुणी विचारलं?’ हे शेजाऱ्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकले आहे. या माणसांना वेल्सची राजधानी कार्डिफसुद्धा लांबची वाटायची, आणि निधीचा कारभार तर कार्डिफच्या वेल्श सरकारकडेच होता!

मग ब्रिटन महासंघातून बाहेर पडला आणि सूत्रे आणखी दूर, लंडनला गेली. युरोपीय निधीच्या जागी २०२२ मध्ये आलेला ब्रिटिश सरकारचा ‘शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड’ तीन वर्षांचा, त्यापुढे फक्त एका वर्षाची वाढ. युरोपीय निधीचा कार्यक्रम सात वर्षांचा असे, शिवाय शेवटच्या कार्यक्रमात एखाद्या वर्षी मंजूर झालेला पैसा वापरायला पुढची तीन वर्षे मिळत. मी संध्याकाळी ज्या प्रशिक्षण केंद्रात शिकवतो, तिथल्या सहकाऱ्यांना आता मार्च उजाडला तरी एप्रिलमध्ये नोकरी आहे की नाही ते कळत नाही. दोन चांगले वेल्डिंग शिक्षक त्यामुळेच सोडून गेले. अशा तुकड्यातुकड्यांच्या पैशातून कारागीर कसा घडायचा?

मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, अनुशेष मात्र राहिला.

वेल्स आता महासंघाबाहेर आहे. पण पोलंडचा पूर्व भाग, दक्षिण इटली, ग्रीसचे डोंगराळ जिल्हे आत आहेत आणि वाटाघाटी अजून चालू आहेत. प्रत्येक देशाच्या आराखड्यातले प्रदेशाचे प्रकरण त्या प्रदेशाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी लिहावे आणि त्यांच्या सहीशिवाय ते ब्रुसेल्सच्या आयोगाने स्वीकारू नये, अशी अट युरोपीय संसदेने नियमातच घालून घ्यावी.

आपला,
एक वाचक, एबू व्हेल (वेल्स)