विषय: मुलींचा ब्लॉक सेट, गायब पीस आणि तुमच्या माणसाचा सल्ला

आज चौथा कॉल. २६ मिनिटं ती टिंगटिंग ऐकली आणि शेवटी जे कानावर आलं त्यानंतर हे लिहितेय. तिकीट नंबर शोधा तुमचे तुम्ही, प्रत्येक कॉलला नवीनच देता.

सेट तोच, गुलाबी-जांभळा पार्लरवाला, बॉक्सवर 'फॉर गर्ल्स'. लेकीच्या आठव्या वाढदिवसाला घेतला. पाचव्या पिशवीत छताची बिजागरी नाही आणि २×४ च्या, म्हणजे चार-चार बटणांच्या दोन ओळीवाल्या, दोन प्लेट नाहीत. हेअरड्रायर आहे, आरसा आहे, लिपस्टिकी तर तीन आहेत. फक्त छत उभं राहत नाही.

तर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, छत नसलं तरी चालतं, मुली जास्त करून बाहुल्यांशीच खेळतात." मी म्हटलं, अहो ती बांधायला बसलीय, तीन दिवस तेच पान उघडून बसलीय. त्यावर जरा वेळ शांतता आणि मग, "घरात भाऊ वगैरे असेल ना, त्याला सांगा, तो बसवून देईल." भाऊ! पीसच नाही तर भाऊ काय बसवणार, कपाळ? आहे भाऊ, अडीच वर्षांचा आहे, त्याने काल एक लिपस्टिक तोंडात घातली, मी बोट घालून काढली. फोन स्पीकरवर होता. लेक शेजारीच. ती धाकट्याकडे बघत हळूच म्हणाली, आई, पण याला तर २×४ म्हणजे काय तेपण माहीत नाही. मला शांत बोलायचं होतं, नाही जमलं.

आणि त्या बाहुल्या. मनगट फिरत नाही, दोन्ही पाय एकदमच हलतात, म्हणजे बसा नाहीतर उभ्या राहा. ठोकळेवाल्या लेगो कंपनीने २०१२ मध्ये मुलींसाठी म्हणून 'फ्रेंड्स' सेट आणले तेव्हा अशाच बाहुल्या आणि पार्लर-कॅफेवरून ५० हजारांवर लोकांनी सह्या करून त्यांचे कान उपटले. २०१४ ला त्यांनीच बायका शास्त्रज्ञांचा सेट काढला, एका भू-रसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुचवलेला, हातोहात संपला. २०२१ ला तर खेळण्यातला मुलगा-मुलगी भेद काढणार म्हणून जाहीर केलं. तुम्ही त्यांचं २०१२ कॉपी केलंत आणि पुढची पानं उलटलीच नाहीत.

२×४ चे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१ कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात. तुमची भिंत अख्खी एका साच्यातून काढलेली, तिचं भिंतीशिवाय काही होत नाही. वाईट याचं वाटतं की तुमचीच ती साधी लाल-पिवळी बादली आमच्याकडे चार वर्षं आहे, तिच्यातून या पोरीने धरण केलंय, लिफ्ट केलीय, एकदा तर म्हशींचा गोठा. तेव्हा भाऊ नव्हता हो, जन्मलाच नव्हता.

बिजागरी आणि दोन प्लेट आठ दिवसांत पाठवा. फोटो परत मागू नका, तीनदा पाठवलेत. बिजागरी नाही आली तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर तक्रार, मग ग्राहक आयोग, बिल जपून ठेवलंय. आणि त्या माणसाला ओरडू नका, त्याच्यासमोर जो कागद आहे तो बदला.

प्लेट गुलाबी नसल्या तरी चालतील.