ध्रुवाशिवाय उत्तर: आमच्या गच्चीवरच्या काकांना जाहीर थँक्यू

काका, शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर तुम्ही नुसता अंगठा टाकून मोकळे झालात, समोर आभार मानायला गेलो तर "चहा घे आणि गप बस" म्हणालात, मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं. काकूंनी वाचून दाखवलं तर उठून जाऊ नका.

मृगातला तेजोमेघ, एम 42, आला एकदाचा फोटोत, आणि तोही परळमधून! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मृग नक्षत्रात ओळीत तीन तारे दिसतात ना, व्याधाचा बाण म्हणतो आपण त्याला, त्याच्या जरा खाली एक पुसट ठिपका असतो तो हा. अंतर साधारण 1,350 प्रकाशवर्षं, म्हणजे माझ्या सेन्सरवर जो प्रकाश पडला तो निघाला तेव्हा इकडे दख्खनमध्ये बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तिथे आत्ता नवे तारे जन्माला येतायत, आणि मधल्या कोवळ्या गरम ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशामुळे आजूबाजूचा हायड्रोजन लाल चमकतो. हे सगळं शाळेच्या पुस्तकात छान वाटतं हो, पण मुंबईत वर बघितलं की आकाश काळं नसतंच, दुधाळ करडं काहीतरी असतं, आणि शहराबाहेर वांगणीला जाऊन रात्रभर आकाशदर्शन करून आलेल्या माणसाला तर आपल्या गच्चीवर यायचीच इच्छा होत नाही.

तरी प्रकाश हा माझा पहिला प्रॉब्लेम नव्हता. पहिला प्रॉब्लेम तो समोरचा टॉवर.

म्हणजे बघा, पृथ्वी फिरते त्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं, आणि फोटोला मिनिटभर शटर उघडं ठेवायचं तर दुर्बिणीनेही त्याच वेगाने ताऱ्यांच्या मागोमाग जायला पाहिजे. त्यासाठी ईक्विटोरियल माउंट असतो, म्हणजे मोटरने दुर्बीण फिरवणारा स्टँड, त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा की झालं. आणि तो लावायचा कसा, तर पृथ्वीचा अक्ष जवळजवळ ध्रुवाकडेच रोखलेला असतो, म्हणून जो व्हिडिओ उघडावा त्यात पहिलंच वाक्य "ध्रुव ताऱ्याकडे बघा". आता व्हिडिओ करणारी मंडळी राहतात तिकडे वर, 40-50 अक्षांशावर, त्यांचा ध्रुव मस्त डोक्याकडे चढलेला असतो. मुंबई 19 अक्षांशावर, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून फक्त 19 अंश वर, आणि त्या 19 अंशांत दादरच्या बाजूचा चाळीसेक मजल्यांचा टॉवर, त्यावर क्रेन, वर धुरकं. कंपास लावून, फोनचं अ‍ॅप लावून अंदाजे अक्ष ठेवला तर वीस सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा. मी तर माउंट विकायला काढला होता, खरंच.

आणि तुम्ही वाळत घातलेली चादर काढायला वर आलात आणि म्हणालात, "ध्रुव कशाला पाहिजे तुला? मिंटाका दिसतोय ना?"

ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ज्यांची गच्ची आमच्यासारखी आहे त्यांच्यासाठी तुमची पद्धत इथे लिहून ठेवतो, तुम्ही काही लिहिणार नाही माहितेय मला. त्याला ड्रिफ्ट अलाइनमेंट म्हणतात, जुनीच आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांतला मिंटाका आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो. त्याला क्रॉसहेअरच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या फुलीच्या रेषावाल्या भिंगात, मधोमध धरायचं, मोटर चालू ठेवायची आणि फक्त बघत बसायचं. पूर्व-पश्चिम सरकला तर सोडून द्यायचं, उत्तर-दक्षिण किती सरकतो तेवढंच महत्त्वाचं. दक्षिणेला घसरला तर अक्ष पूर्वेकडे जास्त गेलाय, उत्तरेला घसरला तर पश्चिमेकडे. तेवढा माउंट फिरवायचा, परत बघत बसायचं. हे झालं दिशेचं. उंचीसाठी पूर्वेला खाली असलेला तारा घ्यायचा, आम्ही प्रश्वा (प्रोसियन) घेतला, आठ-साडेआठला तो वाडियाच्या बाजूला जेमतेम वर आलेला असतो. तो दक्षिणेला घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला घसरला तर जास्त वर गेलाय. दिशा आणि उंची आलटून पालटून करत राहायचं, तारा पाच मिनिटं हलला नाही की बस.

आयपीसमध्ये सगळं उलटंसुलटं दिसतं, मग दक्षिण कुठली ते कसं कळणार म्हणून मी कागदावर आकृत्या काढत बसलो होतो तर तुम्ही दोन बोटांनी नळी जराशी उत्तरेकडे दाबलीत आणि म्हणालात, "तारा ज्या बाजूला पळाला ती दक्षिण." संपला विषय. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे हे तिथे कळतं. (हल्ली लॅपटॉप आणि कॅमेरा जोडून सॉफ्टवेअर आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यावरून हे करून देतं, मान्य आहे, पण त्याने अक्ष म्हणजे काय ते हाताला कळत नाही असं माझं ठाम मत झालंय.) आणि एक सांगतो, तुम्ही स्क्रूला एकदाही हात लावला नाहीत. पाठीमागे हात बांधून उभे, "अजून थोडा, अजून, आता थांब." मला वैताग आला होता तेव्हा, आता माझा मी लावतो.

मग ती लिफ्टची भानगड. फ्रेममागून फ्रेम नीट येतायत आणि मधूनच एखाद्या फ्रेममध्ये सगळे तारे शेंगदाण्यासारखे, दोन गाठींचे. मी वाऱ्याला शिव्या घालत होतो. तुम्ही पाण्याच्या टाकीला टेकून नुसते ऐकत होतात, आणि मशीनरूममधून घर्रर्र आवाज आला की बोट वर करायचात, तीच फ्रेम खराब. स्लॅबच्या मधोमध ट्रायपॉड ठेवला तर स्लॅब थरथरणारच, कॉलमच्या डोक्यावर ठेव म्हणालात, आणि खालच्या मजल्यावर कॉलम कुठे येतो ते पावलांनी मोजून गच्चीवर खडूने तीन फुल्या मारून दिल्यात. त्या फुल्या अजून आहेत, झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवलंय पुसू नका म्हणून.

फिल्टरसाठी वेगळा थँक्यू, तो महाग असतो आणि तुम्ही डबीसकट हातात ठेवलात. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तोवर त्यांचा प्रकाश ठरावीक रंगातच यायचा आणि तो गाळता यायचा, आता पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत सांडतात. म्हणून उलटं करायचं, वाईट अडवण्यापेक्षा चांगलं तेवढंच आत घ्यायचं, हायड्रोजनची 656.3 नॅनोमीटरची लाल रेषा आणि ऑक्सिजनची 500.7 ची हिरवी-निळी, बाकी दार बंद. हे तेजोमेघालाच चालतं हं, आकाशगंगेला लावाल तर बिचारीचा जवळजवळ सगळाच प्रकाश बाहेर राहील.

बाकी काम सोपं पण कंटाळवाणं. एकेक मिनिटाच्या फ्रेम, माउंटच्या गिअरमुळे बिघडलेल्या फेकायच्या, उरलेल्या सिरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या. चौपट फ्रेम घ्याव्या तेव्हा कुठे दाणेदारपणा निम्मा होतो, हा हिशेब फार निर्दयी आहे. मधले चार तारे, ट्रपेझियम, मिनिटात पार जळून पांढरे होतात, त्यांच्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन जोडल्या. आणि फ्लॅट फ्रेमसाठी, म्हणजे डाग वजा करायला घेतलेल्या सपाट पांढऱ्या उजेडाच्या फोटोंसाठी, पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवलेलं तुमचं पांढरं बनियन, त्याचा उल्लेख झालाच पाहिजे, सेन्सर-फिल्टरवरच्या धुळीचे सगळे गोल डाग त्यानेच घालवले.

तुम्ही त्या अमेरिकन हौशी खगोलवेड्या हेन्री ड्रेपरचं सांगितलंत ते घरी येऊन वाचलं. 30 सप्टेंबर 1880, न्यूयॉर्कजवळ, 11 इंची दुर्बीण, ड्राय प्लेट (तेव्हाची काचेची फोटोप्लेट) आणि 51 मिनिटांचं एक्स्पोजर, आणि तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो, तोही ह्याच एम 42 चा. एका दमात 51 मिनिटं, काका! मला एक मिनिट जड जात होतं.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलेलं नाही आणि पटणार नाही. "हा गुलाबी रंग कुठून आणलास, रंगपंचमी आहे का, डोळ्याला तर राखाडी दिसतो." डोळ्याला राखाडी दिसतो कारण अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, तो तेजोमेघाचा दोष नाही. लाल प्रकाश येतोय तो येतोयच, मी फक्त स्लायडर ओढला. बरं, थोडा जास्त ओढला असेल.

आता पुढचं. मार्चमध्ये पहाटे चारला धनू राशीतला लगून तेजोमेघ, एम 8, आग्नेयेला चांगला वर आलेला असेल, तिकडे टॉवर नाही, सध्यातरी. पण गच्चीची चावी सहाशिवाय मिळत नाही आणि सेक्रेटरी माझं काही ऐकत नाहीत, मागच्या वेळेसारखं तुम्हीच बोला. आणि क्रॉसहेअरचा आयपीस तोपर्यंत माझ्याकडेच राहू दे, फिल्टर रविवारी आणून देतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा